तेविसावा कागद

बुधवार, दिनांक १२ ऑक्टोबर १९९४. सकाळी सहा वाजून दहा मिनिटे. बहरीनच्या झिंज भागातील एका चारमजली इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर तौकीरने हिरवी फाइल तिसऱ्यांदा मोजली. कागद बावीस भरले. सोमवारी संध्याकाळी ते तेवीस होते.

सहा वाजून बारा मिनिटांनी त्याने खालच्या मजल्यावरच्या गोपीनाथांच्या दाराची घंटा वाजवली.

गोपीनाथ नुकतेच रात्रपाळीहून परतले होते. वय सत्तावन्न. औरंगाबादच्या तंत्रनिकेतनातून पदविका घेऊन ते बावीस वर्षांपूर्वी बहरीनला आले आणि तेव्हापासून एकाच कारखान्यात बिघडलेली मोजमापाची उपकरणे दुरुस्त करत होते. इमारतीत कोणाचे काहीही अडले, की लोक त्यांच्याकडे येत.

"काका, वर येता? माझा कागद गेला."

"कोणता?"

"बँकेचा. उद्या साडेदहाला इंटरव्ह्यू आहे, आणि बँकेचाच कागद नाही."

"आल्यापासून चहाही घेतला नाही तुम्ही," स्वयंपाकघरातून त्यांच्या पत्नी इंदुबाई म्हणाल्या.

"वरती घेतो," गोपीनाथ म्हणाले आणि पायांतले बूट न काढताच जिना चढले.

प्रकरण त्यांना ठाऊक होते. तौकीर मनामातील एका मालवाहतूक कंपनीत कारकून होता. पत्नी सुहा आणि आठ वर्षांची मुलगी इक्रा यांच्यासह कॅनडात कायमचे स्थायिक होण्यासाठी त्याने दीड वर्षापूर्वी अर्ज केला होता. कॅनडाचा अधिकारी मुलाखती घेण्यासाठी दोन दिवस मनामाच्या एका हॉटेलात उतरला होता. तिथे पोहोचल्यावर सरकारवर भार न होता राहू शकू, एवढा पैसा स्वतःचा आहे, हे अर्जदाराने सिद्ध करायचे. स्वतःसाठी दहा हजार डॉलर, सोबतच्या प्रत्येकासाठी दोन हजार. तिघांचे मिळून चौदा हजार कॅनेडियन डॉलर.

"पैसे कुठे कुठे आहेत?" खुर्चीवर बसत गोपीनाथांनी विचारले.

"इथल्या खात्यात दोन हजार पाचशे अठ्ठ्याऐंशी दिनार. त्याचं सर्टिफिकेट आहे फाइलमध्ये. बाकी रत्नागिरीच्या बँकेत फिक्स्ड डिपॉझिट. दोन लाख दहा हजार रुपये. नऊ वर्षांत मी पाठवलेले. दोन्ही मिळून चौदा हजाराच्या वर जातात."

"आणि गेला तो कागद?"

"डिपॉझिटचा. बँकेनं फॅक्सनं पाठवला होता, जूनच्या एकवीस तारखेला. तो गुळगुळीत, गुंडाळी होणारा कागद असतो ना, तो."

"डिपॉझिट कोणाच्या नावावर?"

"अब्बांच्या आणि माझ्या. दोघांपैकी कोणीही काढू शकतो. बँकेचं सगळं अब्बाच बघतात. मला कुठे वेळ असतो?"

अब्बा, म्हणजे उस्मान, खिडकीजवळ बसले होते. वय सदुसष्ट. मनामाच्या बाजारातील एका टायपिंग आणि झेरॉक्सच्या दुकानात त्यांनी एकवीस वर्षे काढली होती. अजूनही सकाळी चार तास ते तिथे बसत. त्यांची पत्नी खदिजा ऑगस्टपासून रत्नागिरीला मुलीकडे, महमुदाकडे होती.

उस्मानांना प्लास्टिकचे वेड होते. हाती लागेल तो कागद ते लॅमिनेट करून आणत. त्यांच्या रेक्झिनच्या पिशवीत १९६३ सालच्या बोटीच्या तिकिटापासून इक्राच्या पहिल्या प्रगतिपुस्तकापर्यंत सगळे प्लास्टिकमध्ये बंद होते. पिशवीच्या झाकणाच्या आत यादी चिकटवलेली होती, अनुक्रमांक एक ते एकतीस. मात्र या कामात त्यांची शिस्तही कडक होती. गेल्या वर्षी गोपीनाथांनी नेलेला एक कागद त्यांनी बोटांत चोळून पाहिला आणि परत केला होता. "आधी झेरॉक्स काढा. मग झेरॉक्स आणा माझ्याकडे."

"अब्बांचं चाललं तर एक दिवस मलाही लॅमिनेट करतील," सुहा नेहमी म्हणे. आज मात्र ती दाराच्या चौकटीला टेकून उभी होती.

"यंत्र बंद पडलं, की मी आधी एकच विचारतो," गोपीनाथ म्हणाले. "शेवटचं नीट कधी चाललं? तर हा कागद शेवटचा कोणी आणि कधी पाहिला?"

"मी. सोमवारी, संध्याकाळी सात वाजता. तेवीस मोजले."

"त्यानंतर फाइल?"

"त्या कपाटात. कुलूप नाही. घरात कुलूप कशाला?"

"काल घरात कोण कोण होतं?"

"मी सातला ऑफिसला गेलो. सुहा शाळेत शिकवते, ती दोनला येते. अब्बा आठ ते बारा दुकानात, नंतर घरी. संध्याकाळी शब्बीर आला होता हमद टाउनहून. त्याचाही इंटरव्ह्यू उद्याच आहे. त्यानं फाइल पाहायला मागितली. मी नव्हतो. सुहानं काढून दिली."

"वहिनी, फाइल तुमच्या समोर होती?"

"मी चहा करत होते," सुहा म्हणाली. "पाच-सात मिनिटं. मग त्यांनी फाइल टेबलावर ठेवली आणि मी कपाटात."

"उघडून पाहिली?"

"नाही."

"का पाहशील?" तौकीर एकदम म्हणाला. "तुला जायचंच नाहीये. गेल्या महिन्यात काय म्हणालीस? त्या बर्फात मी काय करू, इथं माझी नोकरी आहे, माझी माणसं आहेत."

"म्हणून मी कागद फाडला?"

"मी तसं म्हणालो नाही."

"तसंच म्हणालास. सरळ म्हण ना, काकांसमोर."

उस्मान उठले. "मी जरा वुझू करून येतो," म्हणाले आणि नमाजेआधीचे हातपाय धुवायला मोरीत गेले. पाण्याचा आवाज बराच वेळ येत राहिला.

गोपीनाथांनी घड्याळ पाहिले. सहा पस्तीस.

उस्मान बाहेर आल्यावर गोपीनाथांनी विचारले, "उस्मानभाई, या फॅक्सची झेरॉक्स असेलच ना?"

"काढायची राहिली, गोपीनाथराव. रोज म्हणायचो, उद्या काढू."

"आणि बँकेकडून नवा कागद? जूनला चार महिने होत आले."

"ऑगस्टात मीच म्हटलं होतं अब्बांना," तौकीर म्हणाला. "मॅनेजर रजेवर होता म्हणे."

"आज फोन केला तर?"

"रत्नागिरीची लाइन सकाळपासून लावतोय. एंगेज, नाहीतर मफी, लागतच नाही. आणि लागली तरी तिथं आज सुट्टी. उद्या दसरा, काका. तिथलं सगळं दोन-तीन दिवस बंद म्हणतात."

उस्मान सुस्कारले. "जे गेलं ते खलास. अल्लाच्या मनात नसेल."

मुलाखतीला बोलावणारे पत्र गोपीनाथांनी मागून घेतले आणि उभ्याउभ्याच वाचले. दुसऱ्या पानावर, तळाशी, एक अट होती. दाखवलेल्या रकमेची खातरजमा अधिकारी बँकेशी थेट संपर्क साधून करेल. माहिती खोटी आढळल्यास अर्ज बाद होईल आणि पुढे अर्ज करण्यास बंदी येईल. त्या ओळीखाली पेन्सिलीची रेघ होती.

"ही रेघ कोणाची?"

"माझी नाही," तौकीर म्हणाला. "आमच्याकडे पेन्सिल फक्त इक्राकडे असते."

भिंतीवर एक लॅमिनेट केलेला फोटो होता. स्वतःच्या छोट्या गॅरेजसमोर उभा असलेला एक हसरा, धिप्पाड माणूस.

"हे महमुदाचे यजमान ना? मुख्तार? ऑगस्टात किडनीचं ऑपरेशन झालं म्हणाला होतास."

"हो, मुंबईला. आता बरे आहेत. अम्मी त्यांच्यासाठीच तिकडे गेलीय."

"खर्च फार आला असेल."

"नाही, कंपनीनं केला," सुहा म्हणाली. "अब्बा म्हणाले."

गोपीनाथांनी पुन्हा एकदा फोटोकडे पाहिले आणि चहा संपवला.

शब्बीर हा श्रीवर्धनकडचा. हिशेबनीस. त्याची ख्याती वेगळी होती. त्याच्या ओळखीच्या आठ जणांनी एक मंडळ केले होते. ज्याची मुलाखत असेल त्याच्या खात्यात बाकीचे सात जण पैसे भरत, बँकेचे प्रमाणपत्र निघाले की दुसऱ्या दिवशी काढून घेत. तेच दिनार आठ घरांतून फिरत. "दाखवायचे पैसे" असे त्यांना नावच पडले होते.

गोपीनाथांनी त्याला सात वाजता फोन लावला.

"अरे काका, मला त्याचा कागद घेऊन काय करायचंय? त्यावर नाव त्याचं. मी तो दाखवला तर मला तौकीर व्हावं लागेल, आणि सुहाभाभी मला घरात घेणार नाहीत."

"चेष्टा पुरे. काल फाइल उघडलीस तेव्हा किती वाजले होते?"

"साडेसात."

"बँकेचा फॅक्स पाहिलास?"

"नव्हता, काका. इथल्या बँकेच्या कागदामागचा प्लास्टिकचा कप्पा रिकामा होता. मला वाटलं, त्यानं मुद्दाम काढून ठेवला असेल. म्हणजे त्याचे पैसेही दाखवायचेच आहेत. मागे मी मदत देतो म्हटलं तर केवढा तोरा! माझे स्वतःचे आहेत म्हणाला."

"ते तू कोणाला बोललास?"

"कोणाला नाही. आणि ऐका, त्याला सांगा, अजून वेळ गेलेली नाही. आज बँक बंद व्हायच्या आत चौदाशे दिनार टाकतो त्याच्या खात्यात. हातोहात सर्टिफिकेट. शनिवारी परत. यल्ला, एवढं सोपं आहे."

गोपीनाथांनी फोन ठेवला आणि पाठकोऱ्या कागदावर लिहिले: सोमवार सात, कागद आहे. मंगळवार साडेसात, कागद नाही. शब्बीरच्या आधीच गेला.

दहा वाजता ते मनामाच्या बाजारात उस्मानांच्या दुकानात गेले. निमित्त म्हणून कारखान्याचे ओळखपत्र लॅमिनेट करायला नेले. उस्मानांनी यंत्र तापत ठेवले. भिंतीवर त्यांच्याच वळणदार अक्षरात तीन भाषांतल्या सूचना होत्या. उधार बंद. सुटे पैसे द्यावेत. फॅक्सचा कागद यंत्रात घालू नये. पासपोर्टच्या प्रती दोन्ही बाजूंनी काढाव्यात.

"काल सकाळी गर्दी होती?" गोपीनाथांनी सहज विचारले.

"कसली गर्दी! मंगळवार. मी एकटाच."

कार्ड रुळांमधून बाहेर आले, गरम आणि चकचकीत. उस्मानांनी पैसे घेतले नाहीत. गोपीनाथ कार्ड घेऊन बाहेर पडले.

दुपारी तीन वाजता ते पुन्हा वर गेले. तौकीर रजेवर होता. टेबलावर फोन, फोनशेजारी शब्बीरचा नंबर. सुहा आतल्या खोलीत होती. दोघे सकाळपासून एकमेकांशी बोललेले नव्हते.

"वहिनींना बाहेर बोलव," गोपीनाथ म्हणाले. "उस्मानभाई, तुमची ती पिशवी दाखवता?"

"कशाला?"

"यादीत एकतीस कागद आहेत. मोजून पाहायचेत."

उस्मान जागचे हलले नाहीत. शेवटी तौकीरनेच पिशवी आणली. गोपीनाथांनी एकेक कागद टेबलावर ठेवत मोजले. बोटीचे तिकीट. पहिला व्हिसा. खदिजेचा निकाहनामा. एकोणतीस. तीस. एकतीस.

बत्तीस.

बत्तिसावा कागद निकाहनाम्याच्या पाठीला चिकटून होता. प्लास्टिकच्या आत संपूर्ण काळा. वरच्या कडेला, जिथे उष्णता कमी लागली होती, एक राखाडी पट्टी उरली होती. तिच्यात तारीख वाचता येत होती. एकवीस जून.

"हा काय आहे?" तौकीरने विचारले.

"तेविसावा कागद. फॅक्सच्या कागदावर शाई नसते. उष्णतेनं तो काळा होतो, त्यानंच अक्षरं उमटतात. लॅमिनेशनच्या यंत्रातून काढला की सगळाच काळा."

सुहाने कपाळाला हात लावला. "अब्बा! लॅमिनेट करायला नेलात? आणि सांगितलंही नाहीत?"

उस्मानांच्या चेहऱ्यावरचा ताण एकदम उतरला. "चूक झाली गो. खराब होऊ नये म्हणून नेला. काळा झाला. भीतीनं बोललो नाही."

तौकीरने श्वास सोडला. खोलीतले सगळेच त्या उत्तरावर थांबायला तयार होते.

"नाही," गोपीनाथ म्हणाले. "चूक नव्हे."

"म्हणजे?"

"गेल्या वर्षी मी माझ्या पेन्शनचा फॅक्स लॅमिनेट करायला नेला होता. उस्मानभाईंनी बोटांत चोळला आणि परत केला. दुकानाच्या भिंतीवर त्यांच्याच हातची सूचना आहे, फॅक्सचा कागद यंत्रात घालू नये. जो माणूस दुसऱ्यांना ही चूक करू देत नाही, तो स्वतःच्या मुलाच्या कागदाबाबत ती करेल? आणि झेरॉक्सच्या दुकानात बसून चार महिने त्याची झेरॉक्स काढणार नाही?"

गोपीनाथांनी काळा कागद टेबलावर पुढे सरकवला.

"कागद नुसता फाडून टाकता आला असता. पण सापडला तर चूक वाटावी, म्हणून यंत्रातून काढला. सकाळी तू वहिनींवर आळ घेतलास तेव्हा उस्मानभाई वुझूला उठले. साडेसहा वाजत होते. पहाटेची फजरची नमाज होऊन गेली होती, दुपारच्या जोहरला पाच तास होते. त्यांना तिथं बसवलं नाही. अपराधी माणूस निर्ढावलेला असता, तर बसून राहिला असता."

"पण का?" तौकीरचा आवाज चढला. "मी जावं असं सगळ्यांत जास्त यांनाच वाटायचं! फॉर्म यांनी टाइप केला!"

"म्हणूनच. पत्रातल्या त्या अटीखालची रेघ पेन्सिलीची आहे. टायपिंग करणारा मसुदा पेन्सिलीनं तपासतो. अधिकारी बँकेला थेट विचारणार, हे वाचून ते घाबरले. कागदावर लिहिलेले पैसे बँकेत असते, तर घाबरायचं कारण नव्हतं."

तौकीर हळूच खुर्चीत बसला.

"मुख्तारचं स्वतःचं गॅरेज आहे," गोपीनाथ म्हणाले. "फोटो भिंतीवर आहे. त्याच्या ऑपरेशनचा खर्च करणारी कंपनी कुठली? ऑगस्टात ऑपरेशन, आणि ऑगस्टातच बँकेचा मॅनेजर रजेवर. उस्मानभाई, पुढचं तुम्ही सांगा. ते मी सांगणं बरं नाही."

उस्मानांनी काळा कागद उचलला, मांडीवर ठेवला.

"महमुदाचा फोन आला," ते म्हणाले. "डॉक्टरनं आठवडाच दिलाय म्हणाली. दोन लाख आधी भरा. मी इथनं सही पाठवली, खदिजेनं पैसे काढले. वाटलं, दुकानाचा हिशेब, माझा इतक्या वर्षांचा साठलेला पैसा, सप्टेंबरात मिळेल, गपचूप भरून टाकीन. शेठ म्हणतो डिसेंबर. मग ते पत्र आलं. तू खोटा कागद घेऊन बसला असतास त्या साहेबासमोर. तुला ठाऊकही नसतं. जन्माची बंदी लागली असती तुला."

"मला विचारायचं होतंत, अब्बा. मी नाही म्हटलं असतं का?"

"नसतं म्हटलंस. म्हणून तर विचारलं नाही. तू दिले असतेस, आणि मग इथंच राहिला असतास. मला दोन्ही पाहिजे होतं. तो जगायला पाहिजे होता, आणि तू जायला पाहिजे होतास."

"आणि सुहा? सकाळी मी तिला काय काय बोललो, तुम्ही ऐकत होतात."

उस्मानांनी मान वर केली नाही. "तिच्याकडे बघायचं धाडस नाही माझ्यात."

सुहा पुढे आली. सासऱ्यांच्या मांडीवरचा कागद तिने काढून घेतला आणि पुन्हा पिशवीत ठेवला. नवऱ्याकडे तिने पाहिले नाही.

फोन वाजला. शब्बीर होता. तौकीरने ऐकून घेतले.

"बँक चारला बंद होते आज," तो रिसीव्हरवर हात ठेवून म्हणाला. "चौदाशे दिनार तयार आहेत. एक सही फक्त. काका?"

"मी यंत्रं दुरुस्त करतो," गोपीनाथ म्हणाले. "काटा कुठे दाखवायचा ते ठरवत नाही. तो खरा दाखवतो की नाही, एवढंच पाहतो."

"घे रे," उस्मान घोगऱ्या आवाजात म्हणाले. "घे. सगळेच घेतात."

तौकीर सुहाकडे वळला. "तू सांग. सकाळचं विसर असं म्हणत नाही. पण सांग."

सुहा म्हणाली, "मला जायचं नाही, हे खरं आहे. पण गेले तर उद्या-परवा दार वाजलं की दचकायला लागू नये. इतकंच."

तौकीरने रिसीव्हर कानाला लावला. "शब्बीर, शुक्रिया. नको. माझ्याकडे जेवढे आहेत तेवढेच सांगतो." फोन ठेवून तो मोरीत गेला आणि चूळ भरून आला. वडिलांच्या समोरून दोनदा गेला. दोन्ही वेळा बोलला नाही.

गुरुवारी साडेदहाला तौकीर, सुहा आणि इक्रा हॉटेलात गेले. फाइलमध्ये बावीस कागद होते. रत्नागिरीच्या ठेवीबद्दल अधिकाऱ्याने विचारले तेव्हा तौकीरने सांगितले की ती आता नाही, आणि का नाही. अधिकाऱ्याने बराच वेळ लिहून घेतले. मग दिनारांचे डॉलर केले: नऊ हजार दोनशे पासष्ट. एकशेवीस दिवसांत उरलेली रक्कम स्वतःची म्हणून दाखवता आली तर अर्ज पुढे जाईल, नाहीतर बंद होईल. तसे लेखी दिले.

दुपारी तौकीरने ते पत्र वडिलांच्या पुढ्यात ठेवले. उस्मानांनी चष्मा लावला. कागद बोटांत चोळून पाहिला. साधा होता. तळाशी टाइप केलेली एकच ओळ त्यांनी मोठ्याने वाचली.

कमी पडणारी रक्कम : ४,७३५ डॉलर.